वीस एमबीत न मावणारी माणसं

फाइल जाईना. ताईने पुन्हा 'पाठवा' दाबलं. निळी रेघ अर्ध्यापर्यंत सरकली, तिथे जरा विसावली आणि पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं : जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. मर्यादा वीस एमबीची होती आणि फाइल एकशे ऐंशीची. थोडं इकडचं तिकडे करून भागेल असं हे प्रकरण नव्हतं.

ताई म्हणजे फ्रेमवाल्यांची मुलगी. दुकानात येणारा प्रत्येक जण तिला ताई म्हणायचा, त्यात तिच्याहून वयाने मोठेही आले. दुकान बाबांचं. पुढे काउंटर, मागे काच कापायचं टेबल आणि अगदी कोपऱ्यात संगणक. भुसा जाऊ नये म्हणून तो एरवी टॉवेलखाली झाकलेला असायचा. आज टॉवेल सकाळपासून खुर्चीच्या पाठीवर पडला होता.

शहराच्या वाचनालयाने नवं दालन बांधलं होतं आणि त्याच्या भिंतींवर वाचनालयाचे जुने फोटो लावायचे होते. त्यासाठी काही फ्रेमवाल्यांकडून आपापल्या कामाचे स्लाइड शो मागवले होते. हे काम मिळालं असतं तर दुकान वर्षभर निश्चिंत झालं असतं. नाही मिळालं, तर बाबा दुकानाचा पुढचा अर्धा भाग मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने देणार होते. तो माणूस एकदा येऊन भिंतीची लांबी पावलांनी मोजूनही गेला होता. ज्या भिंतीवर मोल्डिंगचे, म्हणजे फ्रेमच्या लाकडी कडांचे, नमुने टांगलेले होते तीच भिंत. ताईने त्या दिवशी त्याला पाणी विचारलं नव्हतं.

वाचनालयाच्या अटी सरळ होत्या. पाच वाजेपर्यंत, प्रत्येकाची एकच मेल, एकच फाइल. ताईने फोन करून लिंक पाठवली तर चालेल का, असं विचारलं. ग्रंथपालांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या संगणकावर लिंक उघडत नाहीत. मग पेन ड्राइव्ह आणून देऊ का? इमारतीला रंग लागतोय, बाहेरच्या कुणाला आत सोडत नाहीत. आणि नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"अक्षरं बारीक कर," बाबा म्हणाले.

अक्षरांना वजन नसतं, हे ताईने त्यांना समजावलं. बाबांना ते पटलं नाही. त्यांच्या हिशेबात जी गोष्ट दिसते तिला वजन असतं. मग काही स्लाइड काढून टाकाव्यात असं ठरलं, पण काढण्याजोगी एकही बाबांना सापडेना. प्रत्येक स्लाइडपाशी ते थांबायचे, त्या फ्रेमचे कोपरे किती छान जुळले होते ते सांगायचे आणि पुढे जायचे. शेवटी 'धन्यवाद' एवढीच स्लाइड काढायला त्यांची हरकत उरली नाही.

ताईने फाइल झिप करून पाहिली. एकशे ऐंशीची एकशे अठ्ठ्याहत्तर झाली. त्यात नवल काही नव्हतं. फोटो साठवतानाच बराच पिळलेला असतो. पिळून वाळत घातलेला कपडा पुन्हा पिळला तर थेंब किती पडणार?

खरं कारण ताईला ठाऊक होतं. फ्रेमचा फोटो काढायला गेलं की काचेत फ्रेमपेक्षा फोटो काढणाराच जास्त दिसतो. तिने मोबाइलवर काढलेल्या प्रत्येक फोटोत गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या छातीवर ती स्वतः हात उंच करून उभी होती. म्हणून तिने स्लाइड स्कॅनवरून बनवल्या होत्या. दुकानात आलेला प्रत्येक फोटो बाबा हात लावण्याआधी स्कॅन करून ठेवत, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हा डाग तुम्हीच पाडला. स्कॅनर सर्वांत बारीक नजरेवर लावलेला होता आणि कुणी बदलू नये म्हणून त्याच्या बटणावर चिकटपट्टी होती. त्या स्कॅनमध्ये माणसाच्या शर्टाचा धागा मोजता आला असता. तो कुणी मोजणार नव्हतं, पण तो फाइलमध्ये होता.

इथवर ठीक होतं. हे स्कॅन स्लाइडवर लावताना मात्र ताईने जे केलं, ते या घरातल्या माणसानेच केलं असतं. दुसऱ्या कुणी फोटोच्या नको त्या कडा कात्रीचं चित्र असलेल्या बटणाने छाटल्या असत्या. ताईने त्या बटणाला हातही लावला नव्हता. फोटो कापायचा नाही, हा दुकानाचा पहिला नियम. फोटो गिऱ्हाइकाचा असतो. त्याच्यावर माउंट ठेवायचं, म्हणजे जाड कागदाची चौकट, आणि नको ती कड तिच्याखाली जाऊ द्यायची. फोटो अख्खाच राहतो.

आणि नको ती कड म्हणजे बहुतेक वेळा माणूस असायचा. लोक घरचा ग्रुप फोटो घेऊन येत, काउंटरवर ठेवत आणि इकडेतिकडे बघून कडेच्या कुणावर तरी बोट ठेवत. हे दिसायला नकोत. कधी साडू, कधी भागीदार, कधी नणंद. बाबा कारण विचारत नसत. एका बाईंनी आपल्या दिराला झाकायला सांगितलं होतं, दोन वर्षांनी उघडायला सांगितलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा झाकायला. शेवटी त्या फ्रेमचे खिळे धरेनात, तेव्हा बाबांनी मागून स्क्रू बसवून दिले.

तर ताईने स्लाइडवरच्या प्रत्येक फोटोच्या कडेला माउंटच्या रंगाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, अगदी खऱ्या फ्रेमसारख्या. बघणाऱ्याला वाटावं, फोटो तेवढाच आहे. खाली तो अख्खा होता, दीर आणि साडू यांच्यासकट.

आता तिने फोटो दाबून लहान करायचा पर्याय उघडला. बाबा चष्मा कपाळावरून खाली घेऊन मागे उभे राहिले.

"हे काय लिहिलंय? कापलेले भाग पुसून टाका?"

"आपण कापलंच नाहीये काही, बाबा. ती खूण असली काय, नसली काय, सारखंच."

"मग काढ ती."

"अहो, पण काही फरकच पडत नाही."

"फरक पडत नाही ना? मग काढ."

ताईने खूण काढली. मग फोटोतले ठिपके कमी करायचा प्रश्न आला आणि बाबांना जाणून घ्यायचं होतं की नेमके कुठले ठिपके जाणार. सगळीकडचे थोडे थोडे, ताईने सांगितलं. चेहऱ्यावरचे, भिंतीवरचे, सगळ्यांचे सारखे. बाबांनी त्यावर बराच विचार केला. कुणा एकावर अन्याय होत नाही म्हटल्यावर ते तयार झाले.

तेवढ्यात पुढून हाक आली. एक गिऱ्हाईक माणूसभर उंचीचा आरसा घेऊन दारात अडकलं होतं, धड आत येईना, धड बाहेर जाईना. बाबा आणि ताई दोघेही धावले. जाता जाता ताई मागे काच पुसत बसलेल्या आईला म्हणाली की जरा इथे बस, लाइट गेली तर हाक मार, यातलं नको ते सगळं निघालं की फाइल हलकी होईल आणि मग झालंच.

आईचं दुकानातलं काम शेवटचं आणि महत्त्वाचं होतं. फ्रेम बंद करण्याआधी काच पुसायची. काचेच्या कडांना कारखान्यातून येताना कागदाच्या पट्ट्या चिकटलेल्या असतात. त्या नखाने उचलून काढायच्या, डाग पुसायचे, काचेवर केसही राहू द्यायचा नाही. आईच्या हातून गेलेल्या फ्रेमवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता ती संगणकासमोर बसली आणि तिला दिसलं की फोटोंवर कडेला कागदाच्या पट्ट्या तशाच राहिल्यात.

आरसा दारातून सोडवायला वेळ लागला. ताई घामाघूम होऊन परत आली तेव्हा पाचाला थोडाच अवकाश होता. आई उठून चहा टाकायला वरच्या घरात गेली होती. ताईने सगळे फोटो एकदम दाबायची आज्ञा दिली, फाइल नव्याने साठवली आणि आकडा पाहिला. अकरा. एकशे ऐंशीवरून अकरा. तिने पहिली स्लाइड पाहिली, तीवर दुकानाचं नाव होतं. शेवटची पाहिली, तीवर 'धन्यवाद' होतं, कारण शेवटी तीही काढली नव्हती. दोन्ही ठीक होत्या. तिने मेल पाठवली. निळी रेघ थेट पलीकडे गेली आणि लगोलग पोच आली. ताईने संगणकावर टॉवेल टाकला आणि मोल्डिंगच्या भिंतीकडे जरा मालकीच्या नजरेने पाहिलं.

चहाच्या वेळी बाबांनी मुलीचं कौतुक केलं. ताईने ते नम्रपणे घेतलं.

"मीही बरंच काढलं हं," आई म्हणाली.

ताईचा कप ओठांपाशीच राहिला. "काय काढलंस?"

"त्या पट्ट्या गं. सगळ्या फोटोंवर तशाच होत्या. एक एक धरून काढली. चांगली शंभरेक असतील. म्हटलं, यानेच जड झालं असेल." मग आईने जरा खालच्या आवाजात भर घातली, "आणि बरं वाटलं बाई. कितीतरी जण कितीतरी दिवसांनी दिसले."

ताई उठून खाली गेली, टॉवेल उचलला आणि पाठवलेली फाइल उघडली. आईचं काम स्वच्छ होतं. एकही पट्टी राहिली नव्हती. दीर होते, भागीदार होते, एका लग्नातल्या फोटोत तर कुणी कधीच न पाहिलेली एक बाई कडेला उभी राहून केळं खात होती. गमतीची गोष्ट अशी की त्या शंभर पट्ट्यांचं मिळून वजन एका फोटोच्या कोपऱ्याइतकंही नव्हतं. त्या काढून फाइल केसभरही हलकी झाली नव्हती. हलकी झाली ती ठिपक्यांमुळे.

बाबा मागून येऊन बघत राहिले. गिऱ्हाइकांनी विश्वासाने सांगितलेलं सगळं असं उघड्यावर पडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ताईने त्यांना धीर दिला. निवड करणारी समिती वाचनालयाची आहे, ती फ्रेम बघेल, कोण कुणाचा साडू ते त्यांना काय कळणार? तिने मुद्दाम सगळ्यांत सुंदर माउंट असलेली स्लाइड लावली. एक मोठं कुटुंब, मधे खुर्चीवर वडील, आणि उजव्या कडेला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसणारा तरुण माणूस.

"हे कोण?" तिने विचारलं.

"थोरले जावई त्यांचे," आई जिन्यावरून म्हणाली. दुकानातल्या सगळ्या माणसांची माहिती तिलाच असे. सासऱ्यांशी त्यांचं फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवायचा यावरून वाजलं होतं आणि त्या रागात सासरे फोटो घेऊन आले होते.

"आता कुठे असतात ते?"

"कुठे म्हणजे? वाचनालयात. ग्रंथपाल आहेत. तुझी मेल त्यांनाच गेली ना?"

ताईने वाचनालयाला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. दुसरी मेल पाठवायची सोय नव्हती, एकच मेल हा नियम होता आणि तो मोडला तर दोन्ही बाद. बाबा म्हणाले की कव्हरवाल्याला कळवून टाकू. ताई म्हणाली की कळवायचं नाही. उद्या अकराला समितीची बैठक आहे, आपण जाऊन दाराशी बसू आणि जे झालं ते आपल्या तोंडाने सांगू. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, याची बाबांनी आठवण करून दिली. मग बाहेर बसू, ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यांनी त्यांना कुणीतरी आपलंच समजून आत सोडलं, कारण बाबांच्या हातात मोजपट्टी होती आणि कपड्यांवर भुसा. बैठकीच्या खोलीबाहेर प्लॅस्टिकने झाकलेल्या बाकावर दोघे बसले. आतून आधी कुणाच्या तरी स्लाइड शोचं संगीत आलं. मग दुकानाचं नाव वाचल्याचा आवाज आला. बाबांनी डोळे मिटले. काही वेळाने आत कुणीतरी हसलं, मग दोघंतिघं हसली आणि मग एकदम कसलाच आवाज येईना.

बैठक संपली. समितीचे सात सदस्य एकेक करून बाहेर आले आणि प्रत्येकाने जाता जाता या दोघांकडे नीट पाहून घेतलं. गंमत म्हणजे गेलेला प्रत्येक जण थोड्या वेळाने काहीतरी विसरल्यासारखा एकटाच परत यायचा, ग्रंथपालांशी आत दबक्या आवाजात बोलायचा आणि पुन्हा जायचा. सातवा गेल्यावर ग्रंथपालांनी दोघांना आत बोलावलं.

भिंतीवर ती स्लाइड अजून तशीच होती. ग्रंथपाल तिच्या शेजारीच उभे होते, म्हणजे खोलीत ते दोनदा होते.

"हा मी," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली.

"सासऱ्यांच्या दिवाणखान्यात हा फोटो मी दर वेळी बघतो. त्यात मी नाहीये. मला सांगितलंय की मी कॅमेऱ्यात मावलो नाही."

ताईने रात्री मनात जुळवलेलं सगळं सांगून टाकलं. फाइल मोठी होती, ती लहान करताना पट्ट्या निघाल्या, मी न बघता पाठवली, चूक पूर्ण आमची. गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेलं आम्ही कधी बाहेर काढत नाही, हे पहिल्यांदाच झालं. त्यामुळे काम दिलं नाहीत तर आमची तक्रार नाही, एवढं ती म्हणाली खरी, पण हे शेवटचं वाक्य तिला फार जड गेलं.

"कापलं नाहीये तुम्हाला, साहेब," बाबा मधेच म्हणाले. "सासऱ्यांच्या घरीही माउंटखाली अख्खे आहात."

"का नाही कापलंत?"

"लोक रागात फोटो आणतात. राग उतरला की परत आणतात. कापला असता तर दुसऱ्यांदा कशाला आले असते?"

ग्रंथपालांनी भिंतीवरच्या स्वतःकडे पाहिलं. "माझ्यासाठी कुणी परत आलं?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईने आज खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच घर सोडलं होतं.

"अजून नाही," ती म्हणाली.

ग्रंथपालांनी मान डोलावली. मग त्यांनी जाऊन दार लावलं, कपाटातून एक मोठा फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. वाचनालयाच्या पायऱ्यांवर समितीचे सातही सदस्य ओळीने उभे होते. नव्या दालनात समोरच्या भिंतीवर हा लावायचा होता. त्यांनी सांगितलं की मघाशी सातही जण एकेकटे परत आले ते याचसाठी. काम याच दुकानाला द्या, असं प्रत्येकाचं म्हणणं. घरोघरच्या फ्रेममधून गायब झालेली माणसं स्लाइडवर अख्खी दिसल्यावर त्यांना कळलं होतं की इतर सगळे फोटो कापतात, हे झाकतात. समितीची निवडणूक दर तीन वर्षांनी असते, तेव्हा पुन्हा उघडता आलं पाहिजे. आणि मग प्रत्येकाने खासगीत एकेक नाव सांगितलं होतं.

"कुणाला झाकायचं?" बाबांनी मोजपट्टी सरसावली.

ग्रंथपाल नाव सांगत गेले आणि बाबा त्या त्या माणसावर कागदाचा तुकडा ठेवत गेले. पहिला तुकडा डावीकडे पडला, दुसरा मधोमध, तिसरा अध्यक्षांवर. प्रत्येकाने वेगळाच माणूस सांगितला होता. सातवा तुकडा ठेवून झाल्यावर तिघेही वाकून बघू लागले. फोटोत एक खांब उरला होता, आणि खांबाशेजारी झाडाची कुंडी.

"खांब चांगला आहे," बाबा म्हणाले.

ग्रंथपाल खुर्चीत बसले. खांबाचा फोटो लावला तर सातही जण माझ्यावर उठतील, आणि कुणा एकाचं ऐकलं तर सहा, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थकवा होता. ताई मात्र फोटोकडे बघत विचार करत होती. तिने सातही तुकडे उचलून बाजूला ठेवले.

"साहेब, अख्खा लावू. काही झाकायचं नाही."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"नाही विचारणार. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक जण आधी स्वतःलाच शोधेल. स्वतः सापडला की बाकीच्यांकडे कोण बघतंय?"

ग्रंथपालांनी तिच्याकडे अविश्वासाने पाहिलं. माणसं इतकी सोपी नसतात, असं काहीतरी ते म्हणू लागले. पण बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा भिंतीकडे गेली, तिथल्या हसऱ्या तरुणाकडे, आणि ती तिथेच राहिली. सासऱ्यांकडे ती गेली नाही, फ्रेमकडे तर नाहीच. त्यांनी नकळत हात वर करून डोक्यावरून फिरवला. भिंतीवरच्या माणसाला भरपूर केस होते.

"काम तुमचंच," ते शेवटी म्हणाले. "फोटो अख्खाच लावा." मग घसा साफ करून त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "हा मला मिळेल का? पण असा नको. हा फार धूसर आहे, शर्टाचं कापडसुद्धा कळत नाही. मूळ फाइल द्या."

"ती मोठी आहे," ताई म्हणाली. "मेलने येणार नाही. लिंक तुमच्याकडे उघडत नाही आणि पेन ड्राइव्ह आणायला बाहेरच्यांना आत सोडत नाहीत."

ग्रंथपाल अजून भिंतीकडेच बघत होते.

"तुम्ही आणा हो," ते म्हणाले. "नियमाचं मी बघतो."